निगेटिव्ह मार्किंग : चूक कोणाची, कपात कोणाची?

मागच्या रविवारी भाची सराव परीक्षेची उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आली. बारावीला आहे, ‘नीट’ची तयारी करते. पालममध्ये राहून तयारी करणाऱ्यांपैकी ती एक. बाकीच्या मैत्रिणी लातूरला किंवा नांदेडला खोली घेऊन राहतात. हिच्या घरी ते जमण्यासारखं नाही. मी सहज पान उलटून पाहिलं तर १८० पैकी २३ प्रश्न कोरे.

“हे येत नव्हते का?”

“काही येत नव्हते मामू. काही थोडे थोडे येत होते. सर म्हणतात, शंभर टक्के खात्री असल्याशिवाय गोळा काळा करायचा नाही. मार्क कटतात.”

मी तिला म्हटलं, आता घरी बसली आहेस, कोणी मार्क कापणार नाही, हे तेवीसच्या तेवीस सोडवून दाखव. पंचवीस मिनिटांत तिनं सोडवले. नऊ बरोबर आले, चौदा चुकले. ‘नीट’च्या हिशेबानं नऊ चोक छत्तीस, वजा चौदा. म्हणजे बावीस गुण तिच्या डोक्यात होते आणि ते तिनं भीतीपोटी कागदावर उतरवले नव्हते. सर वाईट नाहीत. त्यांना जे सांगितलं गेलं ते त्यांनी मुलांना सांगितलं. पण हा सल्ला खेड्यापाड्यातल्या, तालुक्याच्या गावातल्या किती मुलांना मिळाला असेल आणि त्याची किंमत त्यांनी किती मोजली असेल, याचा विचार करता करता रात्री झोप लागली नाही. म्हणून हे लिहितो आहे.

‘नीट’मध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो, कोऱ्या प्रश्नाला शून्य. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. आता समजा एखाद्या पोरानं चार प्रश्न डोळे मिटून भरले. सरासरीनं त्यातला एक बरोबर येईल, तीन चुकतील. चार वजा तीन, एक गुण शिल्लक. म्हणजे प्रश्न न वाचता गोळे काळे करणाऱ्याला ही परीक्षा वर बक्षीस देते. ज्याला चारपैकी दोन पर्याय नक्की चूक आहेत एवढं कळतं आणि उरलेल्या दोनांत घोटाळा होतो, त्याचा फायदा तर आणखी मोठा. तो दोन प्रश्नांत सरासरी एक बरोबर, एक चूक करतो. चार वजा एक, तीन गुण. प्रत्येक प्रश्नामागे दीड. माझी भाची असे प्रश्न कोरे सोडत होती.

राज्यसेवेच्या परीक्षेतही हेच. एमपीएससी पूर्वी चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापत असे. चार पर्याय असतील तर हा हिशेब बरोबर जुळतो. तीन चुका एका बरोबर उत्तराला खाऊन टाकतात आणि तुक्का मारणाऱ्याच्या हातात सरासरीनं शून्य उरतं. २०२० मध्ये आयोगानं ही कपात एक चतुर्थांशावर आणली. दोन गुणांच्या प्रश्नाला अर्धा गुण. आता चार आंधळ्या तुक्क्यांत दोन मिळतात, दीड जातो, अर्धा गुण हातात राहतो. ज्या दिवशी हा नियम बदलला त्या दिवसापासून कोरा प्रश्न सोडणं हे गणिताच्या दृष्टीनं नुकसान ठरलं. पण मला सांगा, किती अभ्यासिकांच्या भिंतीवर हे लिहिलेलं तुम्ही पाहिलंय? प्रश्नपुस्तिकेवर काय छापतात, तर चुकीच्या उत्तरांसाठी गुण वजा केले जातील. तेवढंच. दम दिला जातो, हिशेब सांगितला जात नाही.

ज्याच्याकडे हिशेब सांगणारा माणूस आहे तो सगळे गोळे भरून येतो. पुण्याच्या पेठांत दोन-तीन वर्षं काढलेल्या मुलाला हे सिनियरकडून चहाच्या टपरीवर फुकट कळतं. पालमच्या मुलीला फक्त दम ऐकू येतो. दोघांचं ज्ञान सारखं असलं तरी गुण सारखे येत नाहीत. कपात तुक्क्याला शिक्षा करते असं म्हणतात. प्रत्यक्षात ती भित्र्याला, प्रामाणिकाला आणि ज्याला कोणी सांगितलं नाही त्याला शिक्षा करते.

यावर ठरलेलं उत्तर येतं : “दंड काढून टाकला तर सगळे तुक्के मारतील, नशिबावर निकाल लागेल.” या आक्षेपात तथ्य आहे, मी ते नाकारत नाही. दोन मुलांना साठ-साठ प्रश्न पक्के येत असतील आणि दोघांनी चाळीस-चाळीस तुक्के मारले तर एकाचे बारा लागतील, एकाचे आठ. हा नशिबाचा खेळच. पण दंड ठेवल्यानं हे नशीब निघून जातं का? जे तुक्का मारतातच त्यांच्यासाठी उलट ते वाढतं. दंड नसेल तर बरोबर आणि चूक यांत चार गुणांचं अंतर असतं. दंड असेल तर पाच गुणांचं, कारण लागला तर अधिक चार आणि हुकला तर उणे एक. जुगाराची बोली वाढवायची आणि वर म्हणायचं की आम्ही जुगार बंद केला! सगळ्यांनी सगळे प्रश्न सोडवावेत असा नियम असला की निदान नशिबाचा तो भाग सगळ्यांच्या वाट्याला सारखा येतो. आता तो फक्त धीट मुलांच्या वाट्याला येतो, आणि सरासरीनं तो फायद्याचाच असतो.

आणि दंड नसलेल्या परीक्षा काही कोसळून पडलेल्या नाहीत. आपल्याच राज्याच्या एमएचटी-सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यावर अभियांत्रिकी आणि फार्मसीचे हजारो प्रवेश होतात. अमेरिकेतल्या सॅट परीक्षेत पाच पर्याय असत आणि चुकीला पाव गुण कापला जाई. २०१६ पासून त्यांनी ती कपात काढून टाकली. त्या देशात त्यामुळे मूर्ख मुलं विद्यापीठांत भरली असं काही झालं नाही.

सॅटचा विषय निघाला म्हणून हेही सांगतो. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका अर्थशास्त्रज्ञ बाईंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आज त्या हार्वर्डमध्ये शिकवतात, नाव कॅथरीन कॉफमन. त्यांनी काही जणांना सॅटच्या इतिहासाच्या जुन्या प्रश्नांची परीक्षा दिली. चुकीला दंड नव्हता तेव्हा जवळपास कोणीच प्रश्न सोडला नाही. दंड लावला तेव्हा बायकांनी पुरुषांपेक्षा जास्त प्रश्न कोरे सोडले, आणि सारखीच माहिती असूनही त्या मागे पडल्या. पुढे चिली देशाच्या विद्यापीठ प्रवेशपरीक्षेतला दंड काढून टाकला गेला. त्याच संशोधक बाई आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानं तिथली आकडेवारी तपासली, तर प्रश्न कोरे सोडण्यातली मुलामुलींमधली तफावत दंड गेल्यावर मोठ्या प्रमाणात कमी झालेली दिसली. मला हे वाचून नवल वाटलं नाही. आपल्या घरांत मुलीला लहानपणापासून काय शिकवतो आपण? माहीत नसेल तर गप्प बस. चुकलीस तर लोक हसतील. मुलगा चुकला तर “बोलला तरी!” म्हणून पाठ थोपटतो. ही घरातली शिकवण आणि परीक्षेतला दंड एकमेकांच्या हातात हात घालून चालतात. हे मोहल्ल्यातल्या प्रत्येक अब्बा-अम्मीनं एकदा मनाला विचारून पाहावं.

पण माझा खरा राग या गणितावर नाही. गणित उद्या मुलांना शिकवता येईल. राग आहे तो “चूक” ठरवतं कोण, यावर.

५ मे २०२४ ला झालेली ‘नीट’ आठवते? पेपरफुटी, ६७ मुलांना ७२० पैकी ७२०, पंधराशे त्रेसष्ट मुलांना दिलेले आणि मग काढून घेतलेले वाढीव गुण, ते सगळं वर्तमानपत्रांत रकाने भरभरून आलं. लोकांना ७१८ आणि ७१९ गुणांचं गौडबंगाल त्याच वेळी कळलं. एक प्रश्न सोडला तर ७१६ होतात, एक चुकला तर ७१५, मग ७१८ आले कुठून? या गदारोळात भौतिकशास्त्राचा एक प्रश्न मात्र लोक विसरले. मला तो विसरता येत नाही.

अणूविषयी दोन विधानं होती. दुसऱ्या विधानात प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात असं म्हटलं होतं. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीच्या पुस्तकात तसंच छापलेलं होतं. नव्या आवृत्तीत ते सुधारून बहुतेक मूलद्रव्यांचे अणू असं केलं गेलं. साहजिकच जुनं पुस्तक वाचलेल्या मुलांनी दोन्ही विधानं बरोबर म्हणून दुसरा पर्याय निवडला, नवं वाचलेल्यांनी चौथा. परीक्षा घेणाऱ्या एनटीएनं दोन्ही पर्याय बरोबर धरले. ४ जूनला निकाल लागला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं २२ जुलैला आयआयटी दिल्लीला तीन तज्ज्ञांची समिती नेमायला सांगितली. समिती म्हणाली, फक्त चौथा पर्याय बरोबर. विज्ञानाच्या दृष्टीनं समितीचं चूक नाही, किरणोत्सारी मूलद्रव्यं सगळ्यांना ठाऊक आहेत. २६ जुलैला सुधारित निकाल आला. पैकीच्या पैकी गुण असलेल्यांची संख्या ६१ वरून १७ वर आली.

ही झाली टॉपर मुलांची गोष्ट. दुसरा पर्याय निवडणारी मुलं होती चार लाख वीस हजारांवर. त्या प्रत्येकाचे पाच गुण गेले. मिळालेले चार परत घेतले आणि वर एक दंड. तेवीस लाखांवर मुलं बसलेल्या परीक्षेत मधल्या गुणांच्या पट्ट्यात एका गुणावर हजारो मुलं उभी असतात. पाच गुणांत सरकारी कॉलेज हातचं जातं.

आता मला सांगा, जुन्या आवृत्तीचं पुस्तक कोण वाचतं? ज्याच्या बापानं जूनमध्ये नवा संच विकत आणला तो नाही वाचत. ज्याला ते पुस्तक आत्याच्या मुलाकडून मिळालं तो वाचतो. ज्यानं ते रद्दीच्या भावात घेतलं तो वाचतो. ज्याच्या गावच्या वाचनालयात चार वर्षांपूर्वीची एकच प्रत आहे तो वाचतो. आपल्या मोहल्ल्यात एक पुस्तक तीन घरांतून फिरतं, त्याच्या कव्हरावर तीन नावं खोडलेली असतात. त्या मुलानं तुक्का मारला नव्हता. सरकारनंच छापलेल्या पुस्तकातलं वाक्य त्यानं जसंच्या तसं लक्षात ठेवलं होतं. दंड तुक्क्याला असतो असं सांगणाऱ्यांनी सांगावं, या मुलाचा उणे एक कशासाठी?

चौथा पर्याय बरोबर ठरवायला माझी हरकत नाही. चार गुण द्यायचे नसतील, नका देऊ. पण जी चूक पुस्तकाची होती, जी स्वतः परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं आधी बरोबर मानली होती, तिला चूक ठरवून वर दंडही करायचा, ही कुठली न्यायाची रीत? निदान त्या एका प्रश्नापुरता दंड माफ करता आला असता. कोरा धरला असता, शून्य दिलं असतं.

उत्तरतालिकेवर हरकत घ्यायची सोय असते म्हणतात. असते. एनटीएकडे हरकत घ्यायला एका प्रश्नाला दोनशे रुपये लागतात, तेही परत न मिळणारे. आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या बाईच्या दिवसभराच्या मजुरीशी ताडून पाहा. तीन प्रश्नांवर शंका असेल तर तीन दिवसांची मजुरी. मुलानं चूक केली तर गुण कापले जातात, परीक्षा घेणाऱ्यानं चूक केली तर ती दाखवून देण्याचे पैसेही मुलानंच भरायचे. प्रश्न चुकीचा निघाला, रद्द झाला, तालिका बदलली, तर काढणाऱ्याचा एक गुण तरी कुठे कापला जातो का?

भाषेचं आणखी वेगळंच. ‘नीट’ मराठीत देता येते, उर्दूतही देता येते. उर्दू तर कोर्टकचेरी झाल्यावर २०१८ पासून मिळाली. चांगलं झालं. पण भाषांतरात गोंधळ असेल तर इंग्रजी मजकूर अंतिम, असा नियम आहे. म्हणजे मुलानं मराठीत वाचायचं, मराठीत विचार करायचा, आणि भाषांतरकाराचा शब्द निसटला असेल तर दंड मुलाला. इंग्रजीत पेपर देणाऱ्याच्या वाट्याला ही एक जोखीम येतच नाही. आपल्या माध्यमाच्या शाळांतली मुलं ही जोखीम दर वर्षी घेतात आणि त्याबद्दल कुठे हूं की चूं नाही.

मी दंडाच्याच विरुद्ध आहे असं कोणी समजू नये. काही ठिकाणी तो रास्त असतो. माझा नांदेडचा एक मित्र हॅम रेडिओवाला आहे. घराच्या गच्चीवर तारा ताणून बसतो आणि जगभराच्या लोकांशी बोलतो. दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यांची सीक्यू वर्ल्ड वाइड नावाची मोठी स्पर्धा असते. दोन दिवसांत जितक्या केंद्रांशी संपर्क होईल तितके गुण. पण समोरच्याचा कॉलसाइन एका अक्षरानं जरी चुकीचा लिहिला तरी तो संपर्क बाद होतो, आणि वर आणखी गुण कापले जातात. मी त्याला विचारलं, हे तुला अन्यायाचं वाटत नाही? तो म्हणाला, “अरे, त्यात मलाच तर ऐकायचं असतं. नीट नाही ऐकू आलं तर परत विचारायचं. समोरचा परत सांगतो.”

हा फरक मला फार मोलाचा वाटतो. तिथे चूक ठरते ती दोघांच्या नोंदवह्या समोरासमोर ठेवून. मी तुझं नाव काय लिहिलं आणि तुझं नाव खरोखर काय आहे. त्याला कुठली तालिका लागत नाही जी महिन्याभरानं बदलेल. परत विचारायची मुभा असते. घाईत ढिसाळपणा केला तर दंड, हे तिथे शोभतं. परीक्षेच्या हॉलमध्ये मुलगी कोणाला परत विचारणार? प्रश्नच संदिग्ध असेल तर पर्यवेक्षक म्हणतो, “जे छापलंय त्यातच उत्तर द्या.”

एक मास्तर मला म्हणाले, डॉक्टर व्हायचंय ना, मग चुकीची किंमत कळायला नको? चुकीच्या इंजेक्शननं माणूस मरतो. ऐकायला भारदस्त वाटतं. पण खात्री नसलेला डॉक्टर काय करतो? पुस्तक उघडतो, सिनियरला फोन लावतो, तपासण्या लिहून देतो. यातलं परीक्षेत काहीच करता येत नाही, म्हणून परीक्षेतला कोरा गोळा म्हणजे सावधपणा नव्हे. आणि रात्री दोन वाजता तालुक्याच्या दवाखान्यात साप चावलेला माणूस आणला, बरोबर कोणी नाही, फोन लागत नाही, तेव्हा डॉक्टरला “हा प्रश्न मी सोडतो” म्हणता येतं का? अपुऱ्या माहितीवर उत्तमातला उत्तम अंदाज बांधायचा, हेच तर त्याचं काम. अंदाज आणि तुक्का यांतला फरक मास्तरांना कळत नसेल असं नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या यंत्राला मात्र तो कळत नाही.

आपल्या परंपरेतली एक गोष्ट यावेळी आठवते. बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत ती हदीस आहे. निवाडा करणाऱ्यानं आपली सगळी बुद्धी पणाला लावून निर्णय दिला आणि तो बरोबर ठरला तर त्याला दुप्पट पुण्य, आणि चुकला तरी एक पुण्य आहेच, अशा अर्थाची. मौलाना लोक लगेच सांगतील की ही गोष्ट जाणकारासाठी आहे, कोणीही उठून निवाडे करावेत असा त्याचा अर्थ नाही. मान्य. आंधळ्या तुक्क्याला पुण्य आहे असं मीही म्हणत नाही. पण ज्यानं अभ्यास केला, दोन पर्याय विचार करून बाजूला काढले आणि उरलेल्या दोनांत चुकला, त्याच्या मेहनतीला उणे एक? चौदाशे वर्षांपूर्वी जो फरक कळत होता तो आपल्या परीक्षा मंडळांना कळू नये?

मागणं फार मोठं नाही. कपात काढून टाका आणि सगळ्यांना सगळे प्रश्न सोडवायला सांगा. ते जमत नसेल तर चार पर्यायांना एक तृतीयांश हा जुना हिशेब तरी परत आणा, म्हणजे कोरं ठेवणारा निदान नुकसानीत जाणार नाही. तेही नको असेल तर प्रश्नपुस्तिकेवर मराठीत, उर्दूत, ठळक अक्षरांत छापा की या परीक्षेत कोरा प्रश्न सोडणं सरासरीनं तोट्याचं आहे. हे छापायला कोणी तयार होणार नाही, कारण छापलं की दंडाचं सोंग उघडं पडेल. ज्या प्रश्नाची तालिका एकदा जाहीर करून बदलली, त्या प्रश्नावर दंड नको. आणि हरकत खरी ठरली तर पैसे परत करा. ज्या मुलानं तुमची चूक शोधून दिली त्याला खरं तर मानधन द्यायला हवं.

तोवर पालम, गंगाखेड, सोनपेठ, पूर्णा, जिंतूर इथल्या ज्या पोरापोरींपर्यंत हे पोचेल त्यांना माझं सांगणं एवढंच : चुकीला एक चतुर्थांश कापणारी परीक्षा असेल आणि पर्याय चार असतील तर वेळ संपायच्या आधी एकही गोळा कोरा ठेवू नका. मात्र एका प्रश्नाला दोन गोळे काळे करू नका, ते चुकीचंच धरतात. आणि एनसीईआरटीचं पुस्तक जुनं असेल तर ज्याच्याकडे नवं आहे त्याच्याकडे एक दुपार बसून जिथे मजकूर बदलला आहे तिथे पेन्सिलनं खुणा करून घ्या.

भाचीनं हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पण मामू, सर ओरडतील.” मी म्हटलं, सरांना हा हिशेब कागदावर करून दाखव. काल तिची पुढची सराव परीक्षा झाली. चार कोरे आहेत. त्यांतले दोन तिच्यापर्यंत पोचायच्या आत बेल वाजली, उरलेल्या दोनांबद्दल ती काही सांगत नाही. सरांनी कागद ठेवून घेतला आहे, बघतो म्हणाले.